पाण्याचे शिक्षण घ्यायचे, पण कोणते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पाणी आणि पर्यावरण व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांविषयी मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ती शाळेत होती आणि मामाच्या घरी घागर घेऊन रांगेत उभी राहिली होती. तेव्हापासून तिने पाण्याचाच विषय मनात धरला आहे. नातेवाईक म्हणतात की पाण्याचे शिक्षण हे इंजिनिअरांचे काम आहे, भूशास्त्रवाल्यांना तिथे कोण विचारतो? तिने पुढे काय करावे?
— एक आई, औसा

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने रांगेत जे पाहिले, त्याचाच हिशेब आधी मांडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली पहिली जलदूत गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे त्या गाडीतून माणशी दीड लिटरही पाणी आले नाही. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि एका खेपेचे पाणी २५ लाख लिटरवर गेले, तरी हिशेब माणशी साडेसहा लिटरांपाशीच थांबला. रेल्वेच्या आणि महानगरपालिकेच्या माणसांनी त्या दिवसांत जिवापाड मेहनत घेतली, हे खरेच आहे. मात्र पाण्याचे व्यवस्थापन शिकणाऱ्याने विचारायचा प्रश्न गाडी येण्याच्या कितीतरी आधीचा आहे: जमिनीखाली आणि धरणात पाणी किती होते, ते कोणत्या महिन्यात कशासाठी उपसले गेले, आणि तो उपसा होत असताना मोजत कोण होते?

या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर द्यायला भूशास्त्र जाणणारा माणूसच लागतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या थरांनी व्यापलेला आहे. गंगेच्या मैदानात वाळूचे जाड थर असतात आणि त्यांत पाणी भरपूर साठते. आपल्याकडे ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या भागात, तेही जागोजागी कमीअधिक साठते. मांजरा खोऱ्यातल्या एका गावात मे महिन्यात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका विहिरीवर गेलो होतो. विहिरीचा व्यास सहा मीटर होता. सकाळी मोटार बंद केली, टेप खाली सोडली आणि दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहीत बसलो. तीन तासांत पाणी एक मीटर चढले, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी आत आले. ते कोठून येते, हे काठावरून दिसत होते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो छिद्रांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, आणि त्याच्या तळाशी हातभर लाल गेरूचा पट्टा. झरे मांजऱ्यातून, गेरूच्या बरोबर वर फुटत होते आणि खालचा पाषाण ठणठणीत कोरडा होता. विहिरीचे मालक मात्र त्याच पाषाणात आडवे बोअर मारण्यासाठी कर्ज काढायच्या विचारात होते. एका विद्यार्थिनीने त्यांना गेरूचा पट्टा दाखवून हे समजावले आणि ते दोनदा विहिरीत उतरून खात्री करून आले. ती मुलगी भूशास्त्राचीच होती.

आता अभ्यासक्रमाविषयी. तुमच्या मुलीसमोर मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे भूशास्त्रातच एम.एस्सी. करणे आणि त्यात भूजलशास्त्रावर भर देणे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठासह राज्यातल्या अनेक विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो. दुसरी वाट पर्यावरण विज्ञानाच्या एम.एस्सी.ची. मी तिला पहिली वाट सुचवीन, आणि त्याचे कारण पूर्णपणे व्यवहाराचे आहे. आपल्याकडच्या सरकारी भरतीत मूळ विषयाच्या पदवीला फार महत्त्व असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिकाच्या पदासाठी भूशास्त्राची पदवी मागितली जाते, तर जलसंपदा विभागात अभियंत्याच्या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची. ‘व्यवस्थापन’ असे नाव असलेली पदवी कितीही चांगली असली, तरी जाहिरातीतल्या अर्हतेत ती बसतेच असे नाही, आणि हे अर्ज भरताना कळले तर फार उशीर झालेला असतो. तेव्हा प्रवेश घेण्याआधी तिला हव्या असलेल्या पदांच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढून अर्हतेचा रकाना शब्दशः वाचायला सांगा. भूशास्त्राचा पाया पक्का झाल्यावर व्यवस्थापनाकडे केव्हाही वळता येते. उलट दिशेने येणे अवघड जाते.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून तीन वर्षे एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर काम करतो. एम.टेक. करण्याची इच्छा आहे. जलसंपदा अभियांत्रिकी घ्यावी की पर्यावरण अभियांत्रिकी? मनातले आणखी एक सांगतो. आमच्याकडे नोंदवहीतले काही आकडे मोजून लिहिलेले नसतात, ‘बसवलेले’ असतात. हे पाहून या क्षेत्रात शिकण्यात अर्थ आहे का, असेही वाटते.
— एक अभियंता, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. तुमच्या नोंदवहीत बीओडी नावाचा रकाना असेल. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, याचे ते माप आहे. त्यासाठी नमुना बाटलीत हवाबंद करून आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवतात. थंड देशांत हीच चाचणी २० अंशांवर पाच दिवस चालते, कारण तिथे जिवाणूंचे काम सावकाश होते. याचा सरळ अर्थ असा की आज सकाळी घेतलेल्या नमुन्याचा बीओडी आज संध्याकाळी वहीत लिहिला गेला असेल, तर तो आकडा खोटा आहे, आणि हे सिद्ध करायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. चाचणी समजून घेतलेल्या माणसासमोर आकडा ‘बसवणे’ अवघड होते. तुमच्यासारख्या माणसाने शिकायलाच हवे, असे मी मनापासून म्हणतो ते यासाठीच. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी नदीत जाते आणि त्या नदीवर खाली कोणत्या ना कोणत्या गावाची नळयोजना असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेली कावीळ तुमच्या जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत.

आता निवड. जलसंपदा अभियांत्रिकीत पाणी किती, केव्हा आणि कोठे, हा मुख्य प्रश्न असतो. पर्जन्य आणि अपधाव (पावसाचे वाहून जाणारे पाणी), पूर, धरणांचे परिचालन, कालवे, भूजल हे तिचे विषय. पर्यावरण अभियांत्रिकीत पाणी कसे आहे आणि ते कसे शुद्ध करायचे, हा प्रश्न मध्यवर्ती असतो, आणि हवा व घनकचराही त्यात येतो. तुमचा तीन वर्षांचा अनुभव प्रक्रिया केंद्राचा असल्याने पर्यावरण अभियांत्रिकी स्वाभाविक ठरेल. नागपूरच्या व्हीएनआयटीत दोन्ही शाखा स्वतंत्र आहेत. पवईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. दोन्ही विषय एकत्र असलेला अभ्यासक्रम मिळाला तर तो जरूर पाहा, कारण प्रत्यक्षात हे दोन्ही प्रश्न वेगळे राहत नाहीत. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला की सोडलेल्या सांडपाण्यात मिसळायला पाणीच उरत नाही, आणि पावसाळ्यात चालून गेलेले तेवढेच सांडपाणी एप्रिलमध्ये मासे मारते.

प्रवेशासाठी गेट परीक्षा द्यावी लागेल. स्थापत्यची प्रश्नपत्रिका तुमच्या ओळखीची आहेच. २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही सुरू झाली आहे. गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाला, तर पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते. नोकरी सोडून शिकणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. जाण्यापूर्वी तुमच्या केंद्रावरचे तीन वर्षांचे जे आकडे खरोखर मोजलेले आहेत, तेवढे रीतसर परवानगी घेऊन टिपून ठेवा. प्रबंधासाठी ते उपयोगी पडतील.

प्रश्न : मी एका स्वयंसेवी संस्थेत अकरा वर्षे पाणलोटाचे काम करतो. शिक्षण बी.ए. (मराठी), वय ३७. अधिकाऱ्यांसमोर बोलताना पदवीअभावी कमीपणा वाटतो. पाण्याच्या विषयात मास्टर्स करता येईल का? दहावीनंतर गणित सुटले आहे, त्याची फार भीती वाटते.
— एक कार्यकर्ता, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : करता येईल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने जलधोरण आणि जलशासन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला असून त्यात विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हातात हात घालून येतात. तो आणि त्या धर्तीचे इतर अभ्यासक्रम सध्या कोणत्या रूपात चालू आहेत, प्रवेश परीक्षा कोणती आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. इंग्रजीतले वाचन मात्र तुम्हाला आजपासून वाढवावे लागेल. गणितापेक्षा मला त्याची अधिक काळजी वाटते.

गणिताची भीती घालवण्यासाठी एक हिशेब येथेच करू, तो तुमच्या कामाचाच आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. ५०० हेक्टरांच्या शिवारावर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३० लाख घनमीटर पाणी पडले. अधिकारी ज्याला तीन दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणतात, ते हेच. आता गावाची वस्ती दोन हजार धरा. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी दिले, तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागते, म्हणजे पडलेल्या पावसाच्या दीड टक्क्याहूनही कमी. याउलट पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. दोन हेक्टर ऊस आणि साऱ्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी, ही दोन्ही मापे सारखीच भरतात. या हिशेबात गुणाकार आणि भागाकार सोडून काही नाही. पुढच्या अभ्यासक्रमात बाष्पीभवन, मुरणारे पाणी, वाहून जाणारे पाणी यांच्या वजाबाक्या येतील आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी लागेल. जमा, खर्च आणि शिल्लक ही रीत मात्र शेवटपर्यंत तीच राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. तिथे हा हिशेब शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे.

तुमच्याकडे असलेली शिदोरी मात्र वर्गात मिळत नाही. पाणी कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न अकरा वर्षे गावकीत बसून ऐकलेला माणूस आणि तो पुस्तकात वाचलेला माणूस यांत फार अंतर असते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचे काम उभे करणारे विलासराव साळुंखे पेशाने अभियंता आणि उद्योजक होते, पण त्यांच्या कामाचे मोल पाइपलाइनपेक्षा नियमात होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे त्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर लोकांकडून मान्य करून घेतले. प्रवेशाच्या मुलाखतीत अशाच नियमांविषयी, तुमच्या गावांत कोणता नियम टिकला आणि कोणता मोडला याविषयी बोला. तयारी म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा त्याच वर्षीचा कायदा आणि २००९ चा भूजल कायदा, हे तिन्ही मराठीत वाचून काढा. कमीपणा वाटण्याविषयी एवढेच सांगतो, की ज्या बैठकीत दलघमीचा आकडा तुम्ही स्वतः काढून मांडाल, त्या बैठकीत तुमची पदवी कोणी विचारणार नाही.

प्रश्न : मुलाने यंदा बी.ई. पूर्ण केले. पाणी आणि पर्यावरण व्यवस्थापनात परदेशात एम.एस्सी. करायचे म्हणतो. नेदरलँड्स, जर्मनी आणि इंग्लंड असे तीन पर्याय आहेत. शिक्षणासाठी घर तारण ठेवावे लागेल. सल्ला द्यावा.
— एक वडील, नाशिक

उत्तर : माझा स्पष्ट सल्ला असा की यंदा घर तारण ठेवू नका आणि मुलाला दोन वर्षे नोकरी करू द्या. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी जर्मनीच्या डाड संस्थेची जी पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे, तिलाही साधारण दोन वर्षांच्या अनुभवाचीच अट आहे. ताज्या पदवीधराला या दोन्ही दारांतून आत जाता येत नाही. चेव्हनिंग घेणाऱ्याला शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, हेही त्याला आधी माहीत असावे.

तिन्ही ठिकाणांचा स्वभाव वेगवेगळा आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई संस्था १९५७ पासून जगभरच्या पाणी-अभियंत्यांना शिकवत आली आहे. वर्गात आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले नोकरदार अधिकारी असतात आणि त्यांच्याकडूनच निम्मे शिक्षण होते. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली असल्याने तिथल्या पाणीशास्त्राची सारी घडण पाणी बाहेर काढण्याच्या गरजेतून झाली आहे. आपला मुख्य प्रश्न चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवण्याचा आहे, हे मुलाने तिथे विसरू नये. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्याचा वर्षभराचा खर्च आधी बंदिस्त खात्यात दाखवावा लागतो, तो वेगळाच. इंग्लंडमध्ये मास्टर्स साधारण वर्षभरात होते, पण शुल्क जबर असते आणि प्रबंधासाठी हाताशी जेमतेम तीन-चार महिने राहतात. तिघांपैकी एकच निवडायचे झाले, तर खर्चाच्या बाजूने जर्मनी आणि सहाध्यायांच्या बाजूने डेल्फ्ट, असे मी म्हणेन.

दोन वर्षांच्या नोकरीचा आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही. गंगापूर धरणातून सुटणाऱ्या आवर्तनाचे वेळापत्रक, शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याची तक्रार आणि शहराच्या पाणीपुरवठ्याची मागणी, हे सारे नाशिकमध्येच डोळ्यांनी पाहून जो परदेशी जातो, त्याला तिथे काय शिकायचे ते आधीच ठाऊक असते.

प्रश्न : मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षात आहे. ‘जलयुक्त शिवार अभियानाचा मराठवाड्यावरील परिणाम’ हा प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांना मोठा वाटतो. मला मात्र तोच करायचा आहे.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मार्गदर्शकांचे ऐका. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत आणि तुमच्या हाती एक पावसाळा आहे. एकच ओढा घ्या, ज्यावर दोन-तीन सिमेंट नाला बांध झालेले आहेत. बांधांच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या मिळून वीस विहिरी निवडा, आणि शेजारचा, काम न झालेला एक ओढा तुलनेसाठी धरा. ही तुलना नसेल तर पातळी वाढली ती बांधामुळे की चांगल्या पावसामुळे, हे तुम्हाला कोणत्याही संगणकीय प्रतिमानातून (मॉडेलमधून) सांगता येणार नाही. मोजणी मृगाच्या आधी सुरू करा आणि दर पंधरवड्याला करा. पाण्याची पातळी जमिनीपासून मोजायची की कठड्यापासून, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अनेक प्रबंध याच एका चुकीने वाया गेलेले मी पाहिले आहेत. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि भूजलाच्या प्रतिमानासाठी मॉडफ्लो, ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. पण ती दिवाळीनंतर उघडली तरी चालतील. त्याआधी एक पर्जन्यमापक त्याच शिवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एखाद्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली बसवून घ्या आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करण्याचे त्यांना शिकवा.